जुन्या मिनीबस जायलाच हव्यात, पण चालकाला कर्जात ढकलून नाही

जुन्या डिझेल मिनीबस शहराच्या रस्त्यांवरून हटायलाच हव्यात, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या घालवायचा सगळा खर्च चालक-मालकाच्या माथी मारायचा आणि शहराने स्वच्छ हवा फुकटात पदरात पाडून घ्यायची, हे मला मान्य नाही. जगभरात असे प्रयत्न कुठे अडले हे मी वाचत आलोय. माझं मत असं झालंय की गाडी कोणती घ्यायची यापेक्षा पैसे कुणी भरायचे यावरच गाडं अडतं.

अशा मिनीबसमध्ये एकदा पुढच्या सीटवर बसून बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिन चालकाच्या शेजारीच असतं. वर पत्र्याचं झाकण, आणि चटका बसू नये म्हणून त्यावर टाकलेलं गोणपाट. झाकणाचं रबर कधीच गळून गेलेलं असतं, त्यामुळे फटीतून गरम हवा आणि डिझेलचा वास थेट तोंडावर येतो. गाडी खच्चून भरलेली, समोर चढ. चालक पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबतो आणि मागे काळा लोट सुटतो. नोझल झिजलेले, एअर फिल्टर चोंदलेला. डिझेल भरपूर जातं पण ते जळायला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून अर्धवट जळलेलं इंधन काजळी होऊन बाहेर पडतं. मागच्या दुचाकीवाल्याला ती काजळी मिनिटभर सोसावी लागते, चालक मात्र दिवसभर त्यातच बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. स्वच्छ गाडीची सगळ्यात जास्त गरज चालकालाच आहे. त्यालाच गुन्हेगार ठरवून कुणी बोलायला लागलं की मला राग येतो.

मग तो गाडी बदलत का नाही? कारण जुनी गाडी फिटलेली असते. हप्ता संपलाय, दुरुस्ती ओळखीच्या गॅरेजात होते, आणि रोज संध्याकाळी डिझेल आणि, गाडी दुसऱ्याची असेल तर, मालकाचा ठरलेला आकडा वजा करून चार पैसे हातात उरतात. इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब नेमका उलटा आहे. रोजचा खर्च कमी, पण विकत घेतानाच बॅटरीसकट मोठी रक्कम मोजावी लागते. ज्याची सगळी कमाई सुट्ट्या पैशांत होते आणि कागदावर उत्पन्न दिसत नाही, त्याला बँक एकतर दारातूनच परत पाठवते किंवा जास्त व्याज लावते. पाच-सात वर्षांचा हिशेब मांडला तर नवी गाडी परवडतेही, पण त्याला आधी पुढचा महिना काढायचा असतो.

फिलिपिन्समध्ये हेच घडलं. तिथल्या सरकारने 2017 मध्ये जीपनी, म्हणजे तिथल्या जुन्या मिनीबस, बदलायचा कार्यक्रम जाहीर केला. जुनं इंजिन काढा, युरो 4 (कमी धुराचा युरोपीय निकष) पाळणारी किंवा इलेक्ट्रिक गाडी घ्या, आणि एकट्याचा परवाना सोडून सहकारी संस्थेत किंवा कंपनीत या. नव्या गाडीची किंमत 16 लाख पेसोंच्या पुढे, आणि सुरुवातीचं सरकारी अनुदान 80 हजार. म्हणजे जेमतेम 5 टक्के. अनुदान नंतर वाढवलं, पण तोवर विश्वास उडाला होता. 2023 मध्ये चालक संपावर गेले, मुदती पुढे ढकलाव्या लागल्या. हे लोक स्वच्छ हवेच्या विरोधात होते असं मला अजिबात वाटत नाही. ते त्या 5 टक्क्यांच्या विरोधात होते.

जुन्या गाडीचं पुढे काय होतं, हा दुसरा प्रश्न. मला तर तो पहिलाच वाटतो. नुसती नवी गाडी घ्यायला अनुदान दिलं तर जुनी गाडी विकली जाते आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत किंवा शेजारच्या गावात धूर ओकत फिरत राहते. दक्षिण आफ्रिकेने 2006 मध्ये जुन्या मिनीबस टॅक्सी मोडीत काढायची योजना सुरू केली. त्यामागे मुख्य काळजी अपघातांची होती, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. गाडी भंगारात जमा करा आणि पैसे घ्या, सुरुवातीला 50 हजार रँड. नव्या गाडीच्या किमतीपुढे ही रक्कम तोकडीच होती, तरी पैसे जुनी गाडी कायमची संपवण्याशी बांधले होते. कापलेला चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, दाखवल्याशिवाय एक पैसाही सुटता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

मेक्सिको सिटीने 2005 मध्ये इन्सुर्खेन्तेस या मोठ्या रस्त्यावर मेट्रोबस सुरू केली तेव्हा तिथल्या जुन्या मायक्रोबसवाल्यांना हाकललं नाही. परवानाधारकांची कंपनी झाली, ते तिचे भागधारक झाले आणि पैसे गाडी धावलेल्या किलोमीटरवर मिळायला लागले. यातली किलोमीटरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही, थांब्यावर इंजिन चालू ठेवून उभी राहते, मग पुढच्या गाडीचे प्रवासी उचलायला सुसाट धावते. कमाई प्रति प्रवासी आहे तोवर चालकाला दुसरा मार्ग नाही. उद्या तीच गाडी इलेक्ट्रिक झाली तर धूर जाईल, पण घुसाघुशी आणि शर्यत तशीच राहील. रात्री नऊनंतर बाईमाणसाला थांब्यावर ताटकळत ठेवणारी व्यवस्थाही तशीच राहील, कारण रिकामी गाडी सोडणं कुणालाच परवडत नाही.

चार्जिंगबद्दल फार थोडं बोललं जातं. चीनच्या शेन्झेनने 2017 अखेरपर्यंत आपल्या 16 हजारांहून जास्त बस इलेक्ट्रिक केल्या, हे उदाहरण सगळेच देतात. पण तिथे बस मोठ्या कंपन्यांच्या होत्या आणि त्यांच्या पाठीशी सरकारचा पैसा होता. एकट्यादुकट्या मालकाची मिनीबस रात्री रस्त्याच्या कडेला, त्याच्या घरासमोर झोपते. प्लग कुठे लावायचा? खरं तर मिनीबसच्या कामाला इलेक्ट्रिक गाडी फार योग्य आहे. दर दोनशे-तीनशे मीटरवर थांबायचं, पुन्हा निघायचं. डिझेल इंजिन यातच सगळ्यात जास्त वाया घालवतं, आणि इलेक्ट्रिक गाडी ब्रेक मारतानाची थोडी शक्ती बॅटरीत परत घेते. दुपारी गर्दी ओसरते तेव्हा तासभर चार्ज करता येते. पण त्यासाठी फेरी संपते तिथे जागा हवी, वीजजोडणी हवी आणि चालकाला बसायला सावली व स्वच्छतागृह हवं. ही कामं गाड्यांची ऑर्डर देण्याआधी व्हायला हवीत.

गाडी नवी आली म्हणजे ती स्वच्छच राहते असंही नाही. हाँगकाँगने 2002 पासून अनुदान देऊन डिझेल मिनीबस मोठ्या प्रमाणावर एलपीजीवर आणल्या. काही वर्षांत त्यांचे आणि टॅक्सींचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारे भाग, झिजले आणि स्वच्छ म्हणून आणलेल्या गाड्याच जास्त प्रदूषण करू लागल्या. मग 2013-14 मध्ये सरकारला पुन्हा खर्च करून ते सुटे भाग बदलून द्यावे लागले आणि रस्त्याच्या कडेला यंत्रं लावून धावत्या गाड्यांचा धूर तपासायला सुरुवात झाली. वर्षातून एकदा कागदावर शिक्का घेण्यापेक्षा ही तपासणी शंभर पटीने बरी.

आणि मिस्त्रींचं काय? नोझल काढून कानाने इंजिन ओळखणारी माणसं प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्याच जिवावर या गाड्या इतकी वर्षं धावल्या. बॅटरी, कंट्रोलर, मोठ्या व्होल्टेजची वायरिंग यांचं काम त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि न शिकता हात घातला तर जिवावर बेतू शकतं. योजनेच्या पहिल्याच वर्षात त्यांचं प्रशिक्षण सुरू करा, शिकण्याच्या काळात त्यांना भत्ता द्या, आणि नव्या गाड्यांच्या दुरुस्तीचं काम फक्त कंपनीच्या वर्कशॉपसाठी राखून न ठेवता या गॅरेजांनाही मिळेल अशी अट खरेदीच्या करारातच घाला.