बाराटांगच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अंदमानातल्या बाराटांग बेटाच्या सहलीवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी चूक कबूल करतो. बाराटांगच्या चिखलाच्या ज्वालामुखीतून 'लाव्हा' येतो असं मी लिहिलं होतं. तो लाव्हा नाही, जमिनीखालच्या वायूच्या दाबाने बुडबुडे काढत वर येणारा चिखल आहे. दुरुस्ती केली.

आता तुमचं ते वाक्य : 'बसच्या खिडकीतून आणि बोटीच्या बाकावरून निसर्ग बघणाऱ्यांनी निसर्गावर लिहू नये.' वा! म्हणजे कोणी लिहायचं हे आता तुम्ही ठरवणार? 20 वर्षं सह्याद्री तुडवलाय मी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डोंगर सुटले, म्हणून डोळेही गेले असं समजू नका. शिवाय सोबत 74 वर्षांची आई होती. तिला काय पाठुंगळी मारून न्यायचं होतं?

तुम्हाला बाक दिसला. त्या बाकावरून काय दिसलं तेही ऐका. चुनखडीच्या गुहांकडे जाताना खाडी इतकी चिंचोळी झाली की बोटवाल्याने इंजिन मंद केलं आणि ओरडला, "सर नीचे!" सगळे वाकलो, कांदळाच्या फांद्या पाठीला घासून गेल्या. ओहोटी होती. उघड्या पडलेल्या मुळावर हाताच्या अंतरावर एक निवटी बसली होती, डोळे वटारून. आई म्हणाली, "अगं बाई, हा मासा पाण्याबाहेर काय करतोय?" पुढचा दीडेक किलोमीटर काठी टेकत चाललो. तिथे बस जात नाही, साहेब.

बाकीचं थोडक्यात. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातला रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं होतं आणि मी त्यावर अवाक्षर काढलं नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा. ठाऊक आहे मला. रस्ता मी बांधलेला नाही. जंगलाच्या तोंडाशी असलेल्या जिरकाटांगच्या नाक्यापासून आमची बस गाड्यांच्या ताफ्यातच होती, मध्ये कुठे थांबली नाही, मी एकही फोटो काढला नाही. खिडकीचा पडदासुद्धा ओढून घेतला होता. सहलीच्या लेखात आणखी काय काय कोंबायचं?

राहता राहिला 'हौशी पर्यटक' हा शब्द. समोर बसून चहा पिताना हेच म्हणाला असतात का? तुमची प्रतिक्रिया चुकून दोनदा पडली होती. एक काढली आहे, दुसरी तशीच ठेवली आहे.