सुख मोजायला येताय? या, बसा!

परवा आमच्या ओसरीत एक पोरगा टॅब घेऊन तासभर बसला होता. खेड्यातली माणसं किती सुखी आहेत, हे त्याला मोजायचं होतं. काम छान झालं त्याचं. मागून येणाऱ्यांसाठी चार सूचना.

हिवाळ्यात या. हुरडा असतो, हापशाला पाणी असतं. एप्रिलमध्ये टँकरमागं घागरी घेऊन पळणारी बाई तुमच्याशी धड बोलायची नाही.

कर्जाचा विषय काढू नका. आकडा बिघडतो.

शिडी मात्र विसरू नका. 0 ते 10 पायऱ्यांची, जागतिक आनंद अहवालवाली. 2025 च्या अहवालात तिच्यावरच आपला देश 147 देशांत 118 वा निघाला. "मावशी, तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर?" आई म्हणाली, "कुठं चढायचंय बाबा, पत्र्यावर?" हसा, पुन्हा विचारा. ती म्हणाली, "आठ लिही." लिहून टाका! आठ म्हणताना ती गुडघा चोळत होती, त्याला टॅबमध्ये रकाना नाही. सप्टेंबरच्या पुरात खालच्या वावरातली माती वाहून गेली, त्याला रकाना नाही. उरलंसुरलं सोयाबीन आडत्यानं ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागं 3900 नं घेतलं, 2025 च्या हंगामाचा हमीभाव होता 5328, त्यालाही नाही. विक्रीच्या हिशोबाची पट्टी हातात आली तेव्हा बाप अर्धा तास मोंढ्याच्या पायरीवर बसून होता. ती पायरी कितवी धरायची, साहेब?

चहा घ्या. दूध कुणाकडून उसनं आणलंय, ते विचारू नका.

आणि अहवालात ते ठरलेलं वाक्य टाकाच: गरीब आहेत, पण समाधानी आहेत.

अरे, दारात आलेल्या पाहुण्याला कोणती बाई "मी दोनवर आहे" म्हणेल? घरातलं उणं परक्यापुढं काढायचं नसतं, एवढं तिला कळतं. आणि तिचं आठ अगदीच खोटंही नाही. यंदा वारी घडली, नातू पाऊल टाकायला लागला, अडीअडचणीला शेजारीण धावून येते. हे सुख आमचं आम्ही जमवलंय, त्यात तुमचा छदाम नाही. ते दाखवून आमचा रस्ता, आमचा डॉक्टर, आमचा भाव मागं ढकलू नका. लाज वाटू द्या जरा.

पोरगा गेल्यावर आई काळजीनं म्हणाली, "आठ पुरतील का रे त्याला? का दहा द्यायला पाहिजे होते?"