निरंक लिहा, निवांत झोपा

टेराफॉर्ममध्ये, म्हणजे क्लाउडवरची यंत्रणा कोड लिहून उभी करायच्या साधनात, व्हेरिएबल लिहायला बसलात ना? मग प्रत्येकाला डिफॉल्ट म्हणून नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, ठोकून द्या. टाइप नको, डिस्क्रिप्शन तर नकोच. काय पाहिजे ते पुढं बघू, आपल्याकडं कालवेसुद्धा असेच खणले जातात.

डिफॉल्ट असलं की नल आला तरी काय बिघडतंय, असा भाबडा विश्वास ठेवा. तहसीलच्या अर्जात रकाना कोरा सोडला तर कारकून नेहमीचं तेच भरून टाकतो. पण तुम्हीच ठसठशीत ‘निरंक’ लिहिलंत, तर तो बापडा निरंकच चढवणार. टेराफॉर्मचंही तेच. व्हेरिएबल दिलंच नाही तर डिफॉल्ट लागतं. नल दिला तर नलच चालतो. हे नव्या पोरांना सांगू नका, ठेच लागली की कळतं.

आम्हाला लातूरला बसून कळलं. डेटाबेसचा बॅकअप किती दिवस ठेवायचा? खालच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या आतल्या गठ्ठ्यात, डिफॉल्ट 7. वरच्या मॉड्यूलनं तेच व्हेरिएबल खाली पाठवलं, त्याचं डिफॉल्ट मात्र नल. त्या नलनं 7 गिळले आणि तो थेट रिसोर्सपर्यंत, म्हणजे खुद्द डेटाबेसच्या नोंदीपर्यंत गेला. रिसोर्सच्या लेखी नल म्हणजे ती ओळच लिहिलेली नाही, म्हणून प्रोव्हायडरनं, म्हणजे क्लाउडशी बोलणाऱ्या प्लगइननं, घरचा आकडा लावला: शून्य. अप्लाय, म्हणजे बदल लागू करणं, सुखरूप. पुढं एक टेबल उडालं तेव्हा साहेब म्हणाले, “अरे, सात लिहिलंय म्हणाला होतास ना?”

“होय की सर, आजबी लिहिलेलंच हाय.”

टेराफॉर्मच्या 1.1 आवृत्तीपासून व्हेरिएबलमध्ये ‘नलेबल’ला फॉल्स लिहिलं की नल आला तरी डिफॉल्टच लागतं. पण एका ओळीत भागलं तर आपल्याला विचारणार कोण? त्यापेक्षा पस्तीस ठिकाणी ‘नल असेल तर हे, नाहीतर ते’ लिहा.

कोअलेस, म्हणजे यादीतली पहिली भरलेली किंमत उचलणारं फंक्शन, वापरायचंच असेल तर त्याची माहिती न वाचता वापरा. ते नलबरोबर रिकामी स्ट्रिंगही ओलांडून पुढं जातं, म्हणजे मुद्दाम रिकामा ठेवलेला प्रिफिक्सही (नावाआधीचा तुकडा) भरून येतो. रिकामी घागर वेगळी आणि घागरच नसणं वेगळं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा लातूरकराला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कोअलेसला कोण शिकवणार?

आणि सगळ्यावर ट्राय हे फंक्शन गुंडाळा. ट्राय एरर झेलतं. नल ही एरर नसते, तो खुशाल पुढं चालत जातो. रिव्ह्यूमध्ये कुणी टोकलंच तर छातीठोक सांगा, डिफॉल्ट दिलंय. खोटं थोडंच आहे?