फोमच्या जुन्या गाद्यांचं गावानं काय करायचं?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात कोणत्याही गावच्या नाल्यावर जा, रपट्याच्या पाइपात अडकलेली फोमची एखादी गादी दिसतेच. पाणी पिऊन ती इतकी जड होते की दोघांनी ओढली तरी हलत नाही. मग मोठा पाऊस आला की पाणी वस्तीत.

कापसाच्या गादीचं असं नव्हतं. गोळे झाले की पिंजारी यायचा, जुना कापूस पिंजून, त्यात थोडा घरचा घालून नव्या खोळीत भरायचा. सडलेला कापूस उकिरड्यात गेला तरी त्याची मातीच व्हायची. आता कापसाच्या या मुलखात पोरीच्या आंदणातही फोमचीच गादी जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मयत झालं की त्या माणसाचं अंथरूण गावाबाहेर टाकतात. दुःखातल्या घराला मी काही शिकवणार नाही. पण ही रीत गोधडीच्या काळातली आहे. फोम वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.

काही जण तो पेटवून देतात, पोरं होळीत टाकतात. हे कृपा करून थांबवा! गादीचा फोम म्हणजे पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं, दोन्ही जीवघेणे वायू. शिवाय उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली होती.

कबाडीवाला स्प्रिंगचं लोखंड नेतो, फोम नेत नाही. त्याचंही बरोबर आहे, ट्रॉली भरून फोम नेला तरी वजन किती भरणार? पण कोरड्या, स्वच्छ फोमचे तुकडे करून, चिकटवून, दाबून पुन्हा गादी बनते. बाजारात रिबॉन्डेड म्हणून टणक गादी मिळते ती हीच. म्हणून एकट्या गावानं नाही, आजूबाजूच्या पाच-सात गावांनी मिळून हे करावं. आधी शहरात घेणारा पक्का करायचा, मग टिनाच्या शेडमध्ये गाद्या कोरड्या ठेवायच्या, खोळी काढायच्या आणि गाडी भरली की पाठवायच्या. पैसा कुठून आणायचा, असं सरपंच विचारतील. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. गटारं आणि पेव्हर ब्लॉकच्या पलीकडेही स्वच्छता असते.

आणि एखाद्या बचत गटानं पिंजणयंत्र घ्यावं. घरोघरी माळ्यावर कापसाच्या जुन्या गाद्या पडून आहेत, पिंजणारा मिळत नाही म्हणून लोक फोमकडे वळले.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. आजूबाजूच्या गावांतले जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी आपापल्या ग्रामसभेतही मांडावा.