टेस्टिंगच्या पलीकडे

लग्नासाठी केटरर निवडताना चव आणि ताटाचा दर बघा, असं केटरर कसा निवडावा यावरच्या एका लेखात म्हटलंय. बरोबरच आहे, पण टेस्टिंगला, म्हणजे आधी चव बघायला बोलावतात तेव्हा, दहा जणांपुरतं रांधलेलं असतं, पाचशे जणांसाठी तोच हात लागेलच असं नाही. शक्य असेल तर यजमानांना विचारून त्याच केटररचं दुसरं एखादं कार्य बघून यावं, तेही शेवटच्या तासात. सुरुवातीला सगळ्यांचीच टेबलं देखणी दिसतात.

अन्न कुठे शिजणार, हेही विचारा. बाहेरून येणार असेल तर ते कधी निघणार आणि वाढायला कधी घेणार? जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला २ तासांहून जास्त ठेवू नये, आणि गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर. आता लग्नं किती वेळेवर लागतात ते तुम्हीच सांगा!

करारात पाहुण्यांचा पक्का आकडा कधीपर्यंत कळवायचा, ताटं कोण आणि कशी मोजणार, जास्तीच्या ताटाला दर काय, वाढपी आणि भांडी त्यात धरलीत का, हे लेखी हवं. वाद बहुतेक मोजणीवरूनच होतात. फोटोग्राफर, वादक, ड्रायव्हर यांची जेवणंही त्याच आकड्यात धरा.

आणि कृपा करून पदार्थ वाढवण्याऐवजी काउंटर वाढवा. तीस पदार्थांसाठी एकच रांग असली की म्हातारी माणसं ताट हातात धरून ताटकळतात. काहींना दाणे, दूध, गहू यांची अॅलर्जी असते; ते असलेल्या पदार्थांपुढे तशी पाटी लावायला केटररला एक पैसाही जास्त पडत नाही.