रिमोट अप्पांच्या खिशात

‘सहकुटुंब बघण्यासारखं’ अशी शिफारस ज्यानं पहिल्यांदा केली, त्याच्या कुटुंबात बहुतेक तो एकटाच असावा. आमच्या अंबाजोगाईच्या घरात सहकुटुंब म्हणजे अप्पा, आई, मी, बायको, टाळेबंदी लागायच्या आदल्या दिवशी पुण्याहून कशीबशी पोचलेली मुलगी आणि चौथीतले चिरंजीव. सहा माणसं, एक टीव्ही, एक कूलर, एक रिमोट. रिमोट अप्पांच्या बंडीच्या खिशात.

एप्रिल २०२०. माझ्या डिशचा रिचार्ज संपलेला, आणि अर्ध्या पगारात तो मारायची छाती होत नव्हती. अप्पांची फ्री डिश मात्र ठणठणीत. “एकदा बसवली की संपलं. महिन्याच्या महिन्याला खंडणी नाही,” हे ते ती बसवल्यापासून ऐकवतात. दूरदर्शनवर त्यांचं प्रेम जरा नात्यातलंच आहे. टॉवर आपल्या गावात, म्हणजे वाहिनी मुळात अंबाजोगाईची. दिल्लीवाले नुसते कार्यक्रम पुरवतात, असा त्यांचा हिशेब.

२८ मार्चपासून रामायण पुन्हा लागलं. सकाळी ९ ला एकदा, रात्री ९ ला एकदा. अप्पांनी जाहीर केलं की सगळ्यांनी मिळून बघायचं. १९८७ साली अख्खी गल्ली आपल्या घरात बसायची, टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, चपला दाराबाहेर मावत नसत, वगैरे. “अन् त्या गल्लीला चहा कोण करत होतं?” आईनं विचारलं. ह्या प्रश्नाचं उत्तर अप्पांनी तेव्हाही दिलं नव्हतं.

५ एप्रिलचा रविवार मला तासांसकट आठवतो. पावणेनऊला अप्पा आंघोळ करून, गंध लावून खुर्चीत. आम्ही खाली सतरंजीवर. बायकोनं मुरमुऱ्यांचं सुशीला करून ताटल्या हातात दिल्या, पण मुरमुरे चावल्याचा आवाज होतो म्हणून अप्पांनी खाणं जाहिरातीपर्यंत थांबवलं. मुरमुरे मऊ होऊन गेले. जाहिरात लागली ती हात धुण्याची. वीस सेकंद, साबण लावून, बोटांच्या फटीतसुद्धा. आमच्या नळाला आठवडा झाला होता. आईनं तांब्यातलं अर्धं पाणी परत हंड्यात ओतलं आणि म्हणाली, “ह्यांना म्हणावं आधी पाणी सोडा.”

त्या दिवसांत वनवासाचं प्रकरण चाललं होतं. आता रामानंद सागरांची पद्धत अशी की कुणी एक शब्द बोललं की दरबारातल्या प्रत्येकाचा चेहरा दाखवायचा. दशरथ बघतो, कौसल्या बघते, सुमित्रा बघते, वसिष्ठ बघतात, पुन्हा दशरथ. मागे रवींद्र जैनांचं गाणं. चिरंजीवांनी थोडा वेळ वाट बघून विचारलं, “नेट अडकलं का?” मुलगी म्हणाली, “अप्पा, हे दीडपट स्पीडनं नाही का बघता येत?” दासोपंतांची पासोडी, म्हणजे लांबलचक कापडावर लिहिलेला ग्रंथ, ज्या गावात आहे त्या गावातल्या पोरांनी लांबीचं एवढं भय घ्यावं, ह्याचं अप्पांना फार वाईट वाटलं.

मला मात्र त्या तासाभरात एक गोष्ट कळली. आपण उगाच म्हणतो की हल्लीचं काही घरच्यांसोबत बघवत नाही. उलट तेच बघवतं. पडद्यावर जरा काही सुरू झालं की कुणाला तहान लागते, कुणाला फोन येतो, कुणाला गॅसवरचं दूध आठवतं. पाच मिनिटांत खोली रिकामी. दूरदर्शनवर लाज वाटण्यासारखं काहीच नाही, म्हणून उठायला कारणही नाही. मी एकदा नुसतं गुडघा वळवला तर अप्पांनी विचारलं, “कामून उठलास?”

“पाय अवघडला, अप्पा.”

“चौदा वर्षं गेलाय तो वनात. तुझा तासात अवघडला?”

रामायण झालं म्हणून सुटका नव्हती. अकराला ब्योमकेश बक्षी. खून कुणी केला हे अप्पांना जुन्या ओळखीमुळे माहीत होतं, आणि ते त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. बाराला डीडी भारतीवर महाभारत. ती वाहिनी सापडेपर्यंत भजन, शेती आणि कुठल्याशा भाषेतल्या बातम्या ओलांडाव्या लागल्या. एकला पुन्हा मुख्य वाहिनीवर शक्तिमान. आदल्या आठवड्यात ज्या मुकेश खन्नांनी महाभारतात भीष्मप्रतिज्ञा केली, तेच आता लाल कपडे घालून गरगर फिरत आकाशात निघाले. चिरंजीवांचं म्हणणं पडलं की इच्छामरण असल्यावर माणूस नोकरी बदलणारच.

दुपार कूलरनं खाल्ली. कूलर लावला तर पडद्यावरची माणसं नुसती ओठ हलवतात. बंद केला तर घाम. अप्पांनी आवाज वाढवला. तो वाढला म्हणून आई जोरात बोलायला लागली. ती जोरात बोलते म्हणून अप्पांनी आणखी वाढवला. पलीकडच्या घरातल्या काकूंनी भिंतीपलीकडून सांगितलं, “अप्पा, आमचा टीव्ही बंदच ठेवलाय, तुमचा चांगला ऐकू येतो!” तेवढ्यात कूलरचं पाणी संपलं आणि तो नुसताच गरम वारा फेकायला लागला. त्यात ओतायला पाणी कुठलं?

दिवसभर स्वयंपाकघर न सोडलेली बायको आठला पदराला हात पुसत बाहेर आली आणि सतरंजीच्या मधोमध बसली. सर्कस लागलं होतं. पंचविशीतला शाहरुख खान. “कुकर बघा जरा,” ती मला म्हणाली. अख्ख्या दिवसात खोलीतून अधिकृत परवानगीनं उठलेला मी पहिला माणूस. शिट्ट्या संपल्या तरी मी कुकरजवळच थांबलो.

खरी पंचाईत रात्री झाली. त्याच रविवारी ९ वाजता ९ मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या लावायचं पंतप्रधानांनी सांगितलेलं. आणि ९ ला रामायण. अप्पा दोन्हीचे पक्के. साडेआठपासून एकच वाद: टीव्ही हा दिवा आहे की नाही?

“त्यातनं उजेड पडतो,” मुलगी म्हणाली.

“उजेड तर देवाच्या फोटोतूनही पडतो,” अप्पा.

“मग फोटोच बघत बसा की.” हे आईचं.

शेवटी ठरलं की ट्यूब बंद, टीव्ही चालू, पणत्या ओट्यावर, आणि अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत, म्हणजे दोन्हीकडे हजेरी. नऊला सगळी गल्ली अंधारली. आमच्या खिडकीतून तेवढा अयोध्येचा निळा उजेड. लगेच कुणीतरी ओरडलं, “ओ अप्पाऽ, लाईट बंद करा की!” आईनं काही न बोलता दाराजवळ जाऊन मेन स्विचच खाली ओढला.

नऊ मिनिटं अप्पा एक अक्षर बोलले नाहीत. स्विच वर केला तर सेट टॉप बॉक्स सिग्नल शोधायला बसला, आणि तो शोधत असतानाच मोरीतून आधी खर्रर्र असा वाऱ्याचा आवाज आला, मग दोन गुळण्या.

“नळ आले!”

आठवड्याचं पाणी होतं. घागरी, बादल्या, पातेली, कूलरची टाकी, कुकरसुद्धा. बायको मोटर लावायला धावली, मुलगी पाईप घेऊन जिन्यावर, चिरंजीव आनंदानं सगळ्यांच्या मध्ये. टाकीचं झाकण उचलणं फक्त अप्पांनाच जमतं, म्हणून त्यांना गच्चीवर जावंच लागलं. खाली बॉक्सला सिग्नल सापडला आणि रिकाम्या खोलीत रामायण सुरू झालं. आई गुडघ्यामुळे जिना चढत नाही. ती एकटीच समोर बसली, ताटलीत उरलेलं सुशीला घेऊन.

टाकी भरून वाहायला लागली तसे अप्पा कठड्यावरून वाकून ओरडले, “अगंऽ, काय झालं गं आजच्याला?”

“सत्त्याऐंशी साली जे झालं तेच झालं,” आई म्हणाली. “पाईप काढा आता.”