येतो, ताई

आमच्या स्वयंपाकघरातला नळ गेल्या सोमवारपासून गळतो आहे आणि आज रविवारी रात्री, हे लिहीत असतानाही, त्याची टपटप मला इथवर ऐकू येते आहे. कोणाचे काही बुडालेले नाही, घरात कोणी आजारी नाही, त्यामुळे "नळच तर आहे" असे ज्यांना वाटते त्यांनी पुढे वाचले नाही तरी माझी हरकत नाही.

सोमवारी सकाळी प्लंबरला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "अर्ध्या तासात येतो, ताई." मी घरून मुद्रितशोधन करते. दोनशे पानांची प्रुफे टेबलावर होती. पण बेल वाजली की वाक्य अर्ध्यात सोडून उठावे लागणार, म्हणून मी ती उघडलीच नाहीत. अर्ध्या तासाचे तीन तास झाले. दुपारी तो "निघालोच" म्हणाला आणि संध्याकाळी त्याने फोन उचलला नाही. रात्री दहाला नळाखाली ठेवलेले पाच लिटरचे पातेले सकाळी सहाला काठोकाठ भरलेले होते. थेंब रिकाम्या स्टीलवर टणटण वाजतात, म्हणून आता मी तळाशी ओले फडके घालून ठेवते; आठवडाभरात एवढे एक शास्त्र मी शिकले.

मराठी व्याकरणात 'येतो' हे रूप वर्तमानकाळाचे, पण अर्थ लगेच घडणाऱ्या भविष्याचा. त्याला संनिहित भविष्यकाळ म्हणतात आणि शाळेत त्याचे उदाहरण "तुम्ही पुढे व्हा, मी येतोच" असेच शिकवले जाते. मंगळवारी पुन्हा तेच 'येतो' ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की आपल्याकडे घरातून निघतानाही माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हा निरोपाचा 'येतो' होता. मीच तो चुकीच्या काळात वाचत होते.

वायसर स्वतः बदलता येतो, हे मला माहीत आहे. कृपया व्हिडिओ पाठवू नयेत. माझे बाबा चामड्याचे वायसर बिस्किटांच्या जुन्या डब्यात साठवून ठेवत आणि रविवारी सकाळी बनियनवर बसून घरातले सगळे नळ दुरुस्त करत. पण आमच्या सिंकखालचा, नळाचे पाणी बंद करायचा अँगल कॉक गंजून जाम झालेला आहे आणि गच्चीवरचा वॉल्व्ह बंद करायचा तर खालच्या दोन मजल्यांचेही पाणी जाते. तेव्हा बाबांचा वारसा राहू द्या.

बुधवारी मात्र माझा संयम सुटला, आणि तो प्लंबरवर नव्हे. सिलिंडर येणार होता, त्याचा कोड माझ्याच फोनवर. शेजारच्यांचे पार्सल येणार होते, तेही माझ्याकडेच. वॉशिंग मशीनवाला 'दहा ते सहाच्या दरम्यान' येणार होता, म्हणजे अख्खा दिवस त्याच्या नावावर. प्रत्येकाचे वाक्य एकच होते: "तुम्ही घरीच असता ना?" नवऱ्यानेही सकाळी बूट घालता घालता "तू घरीच आहेस, तर बघ ना जरा" असे म्हटले, तेव्हा मी त्याला विचारले की तुझ्या कचेरीत कोणी "तू इथेच बसलेला आहेस" म्हणून सिलिंडर उतरवून घ्यायला सांगते का. तो काही बोलला नाही आणि डबा विसरून गेला. घराबाहेर पडून केले तेवढेच काम आणि घरात बसून केले तो फावला वेळ, हे गणित कोणी मांडले ते मला माहीत नाही. पण ते सगळ्यांना पाठ आहे, आणि माझ्या ओळखीच्या एकाही पुरुषाचा दिवस त्याने अडलेला मी पाहिलेला नाही.

प्लंबरला दिवसाला दहा घरे असतात, तो आधी मोठे काम घेणार, हे मला समजते. समजते म्हणून राग कमी होत नाही. आणि हो, बुधवारी रात्री मीही प्रकाशकांना "प्रुफे उद्या पाठवते" असे कळवले. तोच काळ, तेच रूप.

गुरुवारी पुण्याच्या जुन्या रिवाजाप्रमाणे दुरुस्तीसाठी पाणी बंद होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणे भरल्याच्या बातम्या आपण एकमेकांना पाठवतो आणि गुरुवारसाठी बादल्या भरून ठेवतो. आमचा नळ मात्र गच्चीवरच्या टाकीतले पाणी इमानाने गाळत राहिला, आणि त्या दिवशी दुपारी अख्खी भांडी मी पातेल्यात जमलेल्या पाण्यावर घासली, हेही लिहिलेच पाहिजे. शुक्रवारी पाणी गढूळ आले. शनिवारबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. वॉशिंग मशीनवाला त्या दिवशीही आला नाही.

आज साडेचारला प्लंबर खरोखर आला. घामाने भिजलेला होता. सकाळपासून सातवे घर, म्हणाला. मी साठवून ठेवलेली सगळी वाक्ये गिळली आणि त्याला पाणी दिले. त्याने गच्चीवरचा वॉल्व्ह बंद करून पान्याने नळ उघडला आणि पापडाच्या तुकड्यासारखा झालेला वायसर तळहातावर घेऊन मला दाखवला.

"वायसरचं काम नाही, ताई, स्पिंडलच गेलंय. दुकान आज बंद. उद्या सकाळी येतो."

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

तो पिशवी खांद्याला अडकवत होता. "तुम्ही घरीच असता ना?"

मी 'हो' म्हणाले आणि पातेले पुन्हा नळाखाली सरकवले.